आगेऱ्याचं लुगडं

ऑक्टोबर लागला की आमच्या गावठाणात भाताचा वास येतो. भात तिथे पिकत नाही. गोरेगावातल्या आमच्या शेवटच्या शेतावर आता तीन इमारतींचं पार्किंग आहे आणि आगेऱ्याच्या पेंढ्या वसईपलीकडून टेम्पोनं येतात. आगेरा हा आमचा नव्या पिकाचा सण. महिन्याच्या पहिल्या रविवारी नवं भात देवळात न्यायचं, त्यावर आशीर्वाद घ्यायचा आणि घरी येऊन दाराला लोंब्या बांधायच्या. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. शनिवारी दुपारी टेम्पो रिकामा होतो, ओल्या गोणपाटाच्या गाठी सुटतात आणि हिरवट, किंचित आंबूस वास गल्लीभर पसरतो. त्याच्या मागोमाग मला दुसरा एक वास येतो. डांबरगोळ्यांचा. तो टेम्पोतून येत नाही.

यंदा टेम्पोच्या चार दिवस आधी फोनवर एक नोटीस आली. पाठवणारी अ‍ॅलिसा, देवळाच्या युथ ग्रुपची सध्याची सेक्रेटरी, वय वीसच्या आतबाहेर. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे, दिंडोशीला राहते, गावठाणात सणासुदीला जाते. त्यामुळे मराठी तपासायचं काम वर्षातून एकदा कुणी ना कुणी माझ्याकडे सरकवतं. अ‍ॅलिसाचा निरोप सरळ होता. आंटी, तुम्ही पेपरमध्ये आहात ना, जरा चेक करून द्या, संध्याकाळपर्यंत प्रिंट काढायची आहे.

नोटीस आगेऱ्याला युथनं कसे कपडे घालावेत याबद्दल होती. दहा ओळी. मी सवयीनं वाचत गेले. एक काना जास्त होता, एका ठिकाणी रविवारचा शनिवार झाला होता. आठव्या ओळीशी थांबले. ‘मुलींचे कपडे पोटऱ्या पूर्ण झाकतील इतके लांब असावेत, याला कोणताही अपवाद नाही.’ स्वल्पविरामासकट वाक्य माझं होतं. अठरा वर्षांपूर्वी मी ते लिहिलं तेव्हा युथची सेक्रेटरी मी होते. इतक्या वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. वर्तमानपत्रात लिहिलेलं माझं एकही वाक्य इतकं टिकलेलं नाही.

ते वाक्य कसं तयार झालं हे मला नीट आठवतं. देवळामागच्या शाळेत, पहिल्या मजल्यावर, ऑगस्टमधल्या एका रविवारी. पंखा दोनच्या वर जात नव्हता. वर्गातले बाक पहिली-दुसरीच्या पोरांचे, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीशी. समोर नेव्हिल, सव्वीस वर्षांचा, कुरिअर कंपनीत नोकरीला, रविवारचा सगळा वेळ युथला देणारा. तो वाईट माणूस नव्हता. मीटिंगला वडापाव स्वतःच्या खिशातून आणायचा आणि कुणाला दहावी-बारावीत मार्क कमी पडले तर घरी जाऊन आईवडिलांशी बोलायचा. काही काकालोकांनी मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, फादरांना गाठून मुलींच्या बारीक पट्ट्यांच्या टॉपबद्दल तक्रार केली होती. फादर नेव्हिलला म्हणाले होते, काहीतरी बघ. त्यापलीकडे फादर काही म्हणाल्याचं मला माहीत नाही. बाकी सगळं आम्ही केलं.

मुलग्यांचा विषय एका मिनिटात संपला. हाफ पँट नको. मुलींचा विषय दीड तास चालला. बाही खांद्यापासून चार बोटं खाली हवी. गळा हाडापासून दोन बोटांपेक्षा खाली नको. मग बोटं कुणाची हा प्रश्न निघाला, कारण नेव्हिलची दोन बोटं म्हणजे आमची साडेतीन. जिची बाही तिचीच बोटं, असं ठरलं. यावर रोशेल म्हणाली होती, ‘माझी बोटं लांब आहेत यार, माझ्यावर अन्याय होतोय.’ सगळे हसले. रोशेल माझी मैत्रीण, बालवाडीपासूनची, शेजारच्या ओटीवरची. आम्ही दोघी एकोणीसच्या होतो.

शेवटी अडलं कॅप्रीवर. त्या वर्षी प्रत्येकीकडे एक तरी कॅप्री होती. गुडघा झाकते, मग चालते की नाही? एक गट चालते म्हणत होता, एक नाही. वीस मिनिटं तेच. मला पळवाटा आवडत नसत, आजही आवडत नाहीत. मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि वाचून दाखवलं. कॅप्रीचा प्रश्न मिटला. नेव्हिल म्हणाला, ‘हां, हे क्लिअर आहे.’ त्या वयात एवढं कौतुक पुष्कळ होतं. सगळ्यांनी हात वर केले. रोशेलनंही केला.

त्या खोलीत बावीसेक जण होतो. एकाच्याही डोक्यात लुगडं आलं नाही. प्रत्येकाच्या घरात एक तरी बाई लुगड्यात वावरत होती किंवा भिंतीवरच्या फोटोत लुगड्यात उभी होती. लाल किंवा जांभळ्या चौकड्यांचं सुती लुगडं, मागे काष्टा, खाली पोटरीच्या मध्यापर्यंत. चिखलात लावणी करणाऱ्या बायकांचं कापड, त्याहून लांब असून उपयोग नसलेलं. ते आम्हाला कपडा वाटतच नव्हतं. कपडे म्हणजे आम्ही दुकानातून आणायचो ते.

नियमाबरोबर एक बॉक्स आला. टीव्हीचा जुना खोका, त्यात नऊ पांढरट शाली आणि चार तपकिरी रॅप-अराउंड, म्हणजे कमरेला गुंडाळून नाडीनं बांधायचे घोळदार स्कर्ट. ते नेव्हिलच्या आईनं पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवले होते. कसर लागू नये म्हणून तळाशी डांबरगोळ्या. दर रविवारी साडेआठच्या मिस्साला देवळाच्या दाराशी टेबल लागायचं, टेबलावर बॉक्स, मागे नेव्हिल आणि मी. बाही कमी असेल तिला शाल. पाय दिसले तर रॅप-अराउंड.

सप्टेंबर सरला आणि ऊन तापलं. ऑक्टोबरात देवळाच्या पत्र्याखाली पॉलिस्टरची शाल तासभर अंगावर ठेवणं म्हणजे काय, हे घेतलेल्यांनाच माहीत. मानेवर घामाची रेघ उतरायची, शाल दंडाला चिकटायची, डांबरगोळ्यांचा वास प्रवचनभर नाकात राहायचा. पोरींनी त्याला ‘विकेट’ नाव दिलं होतं. आज कुणाची विकेट, असं विचारत त्या पायऱ्या चढायच्या. काहीजणी मुद्दाम बिनबाह्यांचं घालून यायच्या आणि शाल मागून घ्यायच्या. काहीजणी येईनाशा झाल्या. मी त्या कामात तरबेज होते. दहा फुटांवरून मला कळायचं. आज बातमीची कॉपी वाचताना चूक जशी आधी दिसते आणि मग अर्थ, तसंच काहीसं. माणूस नंतर दिसायचं.

आगेऱ्याला पहिली पेंढी एका मुलीच्या हातात देतात. गावातल्या क्रुसापासून मिरवणूक निघते, पुढे बँड आणि घुमट नावाचं मातीचं वाद्य, त्यामागे ती मुलगी, मग म्हाताऱ्या बायका, मग बाकी गाव. त्या वर्षी पेंढीसाठी रोशेलचं नाव निघालं होतं. तिच्या आजीनं कधीकाळी स्वतःच्या शेतातली पेंढी अशीच नेली होती, म्हणून घरात फार अप्रूप. आजी तेव्हा हयात नव्हती. आजीची धाकटी बहीण होती, बेर्ता मावशी. सगळं गावठाण तिला मावशीच म्हणायचं. तिनं बहिणीचं लुगडं ट्रंकेतून काढलं आणि सकाळी सहापासून रोशेलला नेसवायला घेतलं. रोशेलनं हे मला सांगितलं नव्हतं. तिला मला चकित करायचं होतं, असं नंतर तिची आई म्हणाली.

मिरवणूक वळणावरून देवळाच्या अंगणात आली तेव्हा मी टेबलामागे उभी होते. लाल चौकडी लांबून दिसली. लांब बाह्यांची चोळी, डोक्यावर पदर, केसांत अबोली, दोन्ही हातांत पेंढी. ती सुंदर दिसत होती हे मला मग कळलं. आधी दिसल्या त्या पोटऱ्या.

बँड थांबला. रोशेल पायऱ्या चढून दारात आली आणि माझ्याकडे बघून हसली. नेव्हिलही गोंधळला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला बहुतेक मी काहीतरी वाट काढावी असं वाटत असावं. वाक्य माझं होतं, त्यामुळे वाटही मलाच माहीत असणार.

मी बॉक्समधून रॅप-अराउंड काढला आणि म्हणाले, ‘हे वरून बांध. नियम सगळ्यांना सारखा आहे.’

‘सगळ्यांना म्हणजे कुणाला गं?’ रोशेल म्हणाली. आवाज खालचा होता. तिला भांडायचं नव्हतं, खरंच विचारायचं होतं.

तिच्या मागे सहा म्हाताऱ्या उभ्या होत्या. सहाही लुगड्यात. आयुष्यभर दर सणाला त्या तशाच देवळात आल्या होत्या. गुडघ्यावर बसल्या होत्या, त्याच वेदीपाशी त्यांची लग्नं लागली होती. बेर्ता मावशी पुढे आली. काय अडलंय ते तिला कुणीतरी सांगितलं. तिनं ऐकलं, माझ्या हातातल्या तपकिरी कापडाकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

‘मंग आमाला पन दे गो. आमी सहा जनी हाव.’

मागच्या एकीनं विचारलं, काय वाटतात तिथं? दुसरी म्हणाली, पडदे. बँडवाले हसले. बॉक्समध्ये चारच रॅप-अराउंड होते. मी ते मोजलेले असल्यानं बघायची गरज नव्हती. नेव्हिल घामाघूम झाला. ‘मावशी, तुमच्यासाठी नाही,’ तो म्हणाला. ‘रूल युथसाठी आहे.’

‘म्हंजे म्हाताऱ्या तंगड्या देवाला चालतात,’ बेर्ता मावशी म्हणाली, ‘पोरीच्या नाय.’

ती रागावलेली नव्हती. मासळीचा भाव पटला नाही की ज्या आवाजात ती बोलायची तोच आवाज. हे नोंदवायला हवं, कारण मर्यादा या विषयात ती आमच्या कुणाहीपेक्षा कडक होती. देवळात तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. उघड्या डोक्यानं कम्युनियन घेणाऱ्या बाईकडे ती बघायची नाही. पाय मात्र तिच्या हिशेबी कामाचे अवयव होते. चिखलात उभं राहायचे, पाट्या घेऊन बाजारापर्यंत चालायचे. त्यांत झाकण्यासारखं काही असेल हे तिला त्या सकाळी पहिल्यांदा समजलं. ते मी समजावलं.

आत घंटा वाजली. फादर वेदीपाशी वाट बघत होते. रोशेलनं पेंढी माझ्या हातांत दिली, रॅप-अराउंड घेतला आणि लुगड्यावरून गुंडाळायला लागली. मागचा काष्टा फुगत होता, नाडी पुरत नव्हती. तिनं दोनदा गाठ मारली. तेवढा वेळ मी पेंढी धरून उभी होते. लोंब्यांची कुसळं हाताला टोचत होती. मग तिनं ‘दे’ म्हटलं, पेंढी घेतली आणि आत गेली. मागून पाहिलं तर लाल चौकडीची फक्त एक बोटभर पट्टी दिसत होती, कमरेशी. मिस्सा झाल्यावर तिनं रॅप-अराउंडची घडी घालून टेबलावर ठेवली. माझ्या हातांना संध्याकाळपर्यंत खाज येत होती.

रोशेल युथमध्ये परत आली नाही. भांडण झालं नाही, अबोला नाही. ती पुढे नोकरीला लागली, लग्न होऊन बोरीवलीला गेली. लग्नांत आणि मयतांत भेटलो की ‘काय गं, कशी आहेस’ इतकं व्हायचं. पण त्या सकाळचा खरा परिणाम मला पुढच्या ऑक्टोबरात दिसला. बेर्ता मावशी आगेऱ्याला साडीत आली. फिकट निळी सिंथेटिक साडी, टाचेपर्यंत. तिला चालताना ती पायात येत होती. मी विचारलं, मावशी, लुगडं? ती म्हणाली, ‘नको कटकट.’ पुढच्या दोन-तीन वर्षांत बाकीच्या पाचजणीही साडीवर आल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नियम युथसाठी होता. आपल्या देवळातून लुगडं कधी गेलं हे आज गावात कुणाला विचारलं तर ते म्हणतात, हळूहळू गेलं, काळ बदलला. मला तारखेसकट माहीत आहे.

अशा नियमांविषयी अधूनमधून वाद होतो. कुठल्या देवळात, कुठल्या कॉलेजात, कुठल्या देवस्थानाच्या दारात. आमच्या पानावर दोन बाजूंचे दोन लेख लागतात, मी त्यांची शीर्षकं करते. दोन्ही बाजू काय म्हणणार हे मला पहिल्या परिच्छेदाआधी कळतं आणि दोन्हीचा कंटाळा येतो. एका बाजूला सगळे नेव्हिल दुष्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या रोशेल उठवळ. टेबलामागे उभ्या असलेल्या, वही चोख ठेवणाऱ्या, एकोणीस वर्षांच्या मुलीविषयी कुणी लिहीत नाही. तिच्याविषयी लिहिण्यासारखं फारसं काही नसतंही.

या ऑगस्टमध्ये बेर्ता मावशी गेली. एक्याऐंशीव्या वर्षी, झोपेत, दुपारच्या. लुगड्यातच पुरा, असं तिनं सांगून ठेवलं होतं. गावठाणात आता लुगडं नेसवता येणारं कुणी उरलं नव्हतं. रोशेलला तिनं त्या एका सकाळी नेसवलं होतं, तेवढीच विद्या. रोशेल बोरीवलीहून आली, आतल्या खोलीत गेली आणि थोड्या वेळानं दारातून मला हाक मारली. आणखी एक जण धरायला हवी होती.

आम्ही दोघींनी तासभर खटपट केली. मेलेल्या माणसाला काष्टा घालणं सोपं नसतं. मी निऱ्या धरल्या, रोशेलनं कापड फिरवलं. लुगडं तेच होतं, लाल चौकडीचं, घड्यांवर विरलेलं. शेवटी खालचा काठ हातात धरून रोशेल थांबली.

‘वर ठेवू की खाली सोडू?’

खाली सोडलं असतं तर टाचेपर्यंत आलं असतं. विरलेला भागही झाकला गेला असता. तिनं माझ्याकडे वर पाहिलं नव्हतं.

‘वर,’ मी म्हणाले. ‘ती नेसायची तसं.’

तिनं काठ पोटरीच्या मध्यावर आणला आणि खोचला. मावशीचे पाय काळे, बारीक, शिरा वर आलेले. उजव्या पोटरीवर विळ्याचा जुना व्रण होता. तो मी आयुष्यभर पाहिला होता आणि सतरा वर्षं विसरले होते. रोशेलनं हात पुसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘तुझा बॉक्स अजून आहे का गं?’

मी म्हणाले, माहीत नाही.

‘माहिती काढ. पेपरवाली ना तू.’

शवपेटी देवळात गेली तेव्हा दाराशी टेबल नव्हतं. इतक्या वर्षांनी लुगडं त्या दारातून आत गेलं आणि कुणी काही म्हणालं नाही. म्हणायला त्या दिवशी कुणाची ड्युटी नव्हती.

तर ती नोटीस. मी काना काढला, शनिवारचा रविवार केला, आठवी ओळ पुसली आणि अ‍ॅलिसाला परत पाठवली. दहा मिनिटांत तिचा निरोप आला. थँक्यू आंटी, एक लाईन चुकून डिलीट झाली होती, मी परत टाकली.

मी लिहिलं, चुकून नाही झाली, मी काढली.

तिचं उत्तर आलं, ‘पण आंटी, तो रूल पहिल्यापासून आहे. कुणी केला कुणालाच माहीत नाही, त्यामुळे बदलायला कुणाला विचारायचं तेपण माहीत नाही.’

‘मी केला,’ मी लिहिलं.

तिनं हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पाठवला. प्रिंट त्याच संध्याकाळी निघाली.

रविवारी मी गेले. अंगणात बँड होता, घुमट होता, पेंढी घेतलेली मुलगी फिकट गुलाबी अनारकलीत होती. मिस्सानंतर युथच्या मुलींचा नाच ठेवला होता, ‘आपली संस्कृती’ अशा बॅनरखाली. त्यांची लुगडी भाड्याची, तयार शिवलेली, कमरेला इलॅस्टिक, टाचेपर्यंत लांब. मी एकीला विचारलं, इतकी लांब का? ती म्हणाली, ‘ड्रेसवाल्याला रूल पाठवला होता ना.’ अ‍ॅलिसाही त्याच लुगड्यात होती. दाराशी तिचं टेबल होतं, टेबलावर बॉक्स. खोका बदलला होता, शाली नव्या होत्या. तळाशी डांबरगोळ्या आणि त्यांच्यावर ते चार तपकिरी रॅप-अराउंड, नाड्या काळ्या पडलेले.

मी ते चारही उचलले. अ‍ॅलिसाला म्हटलं, याला वास मारतोय, धुऊन आणते.

‘थँक्यू आंटी,’ ती मनापासून म्हणाली. ‘कधीपासून कुणीतरी न्यायला हवे होते.’

घरी तीन पाण्यांतून काढले तरी पाणी तपकिरी येत राहिलं. दिंडोशीच्या गॅलरीत ऑक्टोबरच्या उन्हात ते तासाभरात वाळले. घडी घालताना लक्षात आलं की एका नाडीला अजून दुहेरी गाठ आहे. ती रोशेलचीच असेल असं काही सांगता येत नाही. मी ती सोडवली नाही. चारही घड्यांचा फोटो काढून रोशेलला पाठवला.

तिनं विचारलं, आणि लाईन?

मी लिहिलं, आहे अजून.

‘मग हे परत मागतील.’

आज ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. दाराला बांधलेल्या लोंब्या वाळून पिवळ्या झाल्या आहेत, चिमण्या येऊन दाणे टिपून जातात. घड्या कपाटात खालच्या फळीवर आहेत. अजून कुणी मागितलेल्या नाहीत.